सोळा फोन, एक पावसाळा: मोबाइलच्या सेन्सरांतून सामूहिक कलाकृती करताना

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही सोळा जण आहात. काही सत्तरी (गोवा) आणि सावंतवाडीकडे, काही चिपळूणला, काही सातारा, पुणे आणि नागपूर येथे, आणि दोघे न्यू जर्सीत. येत्या पावसाळ्याचे आगमन प्रत्येकाने आपल्या फोनमधील सेन्सरांनी टिपायचे आणि त्यातून इंटरनेटवर कोणालाही पाहता-ऐकता येईल अशी एक सामूहिक कलाकृती उभी करायची, असा तुमचा बेत आहे. कोणते सेन्सर वापरावेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनांचे आकडे एकमेकांशी कसे जुळवावेत आणि ज्यांच्याकडे मोसमी पाऊस येणारच नाही त्या परदेशातल्या दोघांनी काय करावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

अशा चार-पाच कामांची तांत्रिक बाजू मी सांभाळली आहे आणि त्यांतील दोन कामांची आखणीही माझीच होती. त्या अनुभवावरून सांगते, की गाडी अडते ती सेन्सरांच्या निवडीवर नव्हे. फोनने दाखवलेला आकडा आपल्या परिसराचा आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या आकड्यात फोनचा स्वतःचा, तो ठेवलेल्या जागेचा आणि आतल्या सॉफ्टवेअरचा वाटा इतका मोठा असतो, की त्यातला परिसर वेगळा काढावा लागतो. तो वेगळा काढण्याचा एकच मार्ग मला भरवशाचा वाटतो. एका फोनची तुलना दुसऱ्या फोनशी करू नये; त्याच फोनच्या कालच्या आणि परवाच्या नोंदीशी करावी. माझे पुढचे जवळजवळ सगळे उत्तर याच एका गोष्टीतून निघते.

काही बाबी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. सोळांपैकी किती जणांकडे घरात पडून असलेला जुना, पण चालू स्थितीतला फोन आहे, यावर बरेच ठरेल. कारण रोजच्या वापरातला फोन महिनाभर एका जागी राहू शकत नाही. कोकणात पावसाबरोबर वीज आणि रेंज किती वेळा जाते, हेही पाहावे लागेल. आणि लोकांकडून रोज किती वेळाची अपेक्षा ठेवायची, याचा विचार सर्वांत आधी करा. रोज अर्धा तास मागितला, तर दुसऱ्या आठवड्यात निम्मे लोक गळतात. रोज तीन-तीन मिनिटे दोनदा मागितली, तर बहुतेक जण शेवटपर्यंत टिकतात.

सेन्सरांकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या यादीत तापमान आणि हवेची शुद्धता या दोन गोष्टी आहेत. आजच्या सर्वसाधारण फोनमध्ये बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर नसतो. सॅमसंगच्या २०१३ च्या गॅलेक्सी एस४ मध्ये तापमान आणि आर्द्रता मोजण्याची सोय होती, पण ती पुढे टिकली नाही. फोनमध्ये जे तापमान मोजले जाते ते बॅटरीचे आणि प्रोसेसरचे; पडद्यावर दिसणारे गावाचे तापमान इंटरनेटवरून आलेले असते. हवेतील धूलिकणांचेही तसेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘सफर’सारख्या ॲपमध्ये दिसणारा आकडा हवा मोजणाऱ्या केंद्रांकडून येतो, तुमच्या हातातल्या फोनकडून नाही. असे आकडे कलाकृतीत वापरण्यात गैर काही नाही, पण ते सोळा जणांनी टिपलेले म्हणून दाखवले, तर ते खरे नसेल.

आता माझ्याच एका कामात काय बिघडले ते सांगते. पहिल्या आखणीत आम्ही प्रत्येकाच्या परिसरातील आवाजाची पातळी डेसिबलमध्ये घेऊन ती नकाशावर रंगांनी दाखवली होती: शांत तिथे हिरवा, गोंगाट तिथे लाल. नकाशा देखणा झाला आणि लोकांनी तो उत्साहाने एकमेकांना पाठवलाही. दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आले, की सर्वांत लाल ठिपका एका डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर होता, जिथे दुपारी दूरवरच्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. तिथल्या सहभागीचा फोन मुळातच आवाज मोठा दाखवणारा होता, एवढेच त्याचे कारण. दोन वेगळ्या फोनांच्या माइकमध्ये पाच-दहा डेसिबलचा फरक सहज असतो, आणि दहा डेसिबल म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहा पटींचा फरक. आम्ही परिसराचा नकाशा म्हणून लोकांपुढे ठेवला होता तो फोनांच्या माइकांचा नकाशा होता. तो काढून घ्यावा लागला आणि सहभागी झालेल्यांना तसे स्पष्ट कळवावे लागले.

त्यानंतर मी पद्धत बदलली. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने रात्रीच्या निवांत वेळी, फोन रोज त्याच जागी ठेवून, दहा मिनिटांची नोंद घ्यायची. ती त्या फोनची शांतता. पुढच्या प्रत्येक नोंदीत त्या शांततेपेक्षा किती वाढ झाली तेवढेच पाहायचे. एकदा सगळे फोन एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकच आवाज ऐकवणे आणि त्यांच्यातला फरक मांडून ठेवणे हा अधिक चांगला उपाय आहे, पण तुमचे सोळा जण एका छपराखाली जमणे अवघड दिसते; पुण्या-साताऱ्याचे लोक तरी एका संध्याकाळी हे करू शकतील.

माइकविषयी आणखी एक गोष्ट, आणि पावसाच्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची आहे. फोनचा माइक माणसाचे बोलणे पलीकडच्याला स्पष्ट ऐकू जावे यासाठी बसवलेला असतो. त्यामागचे सॉफ्टवेअर बोलणे पुढे आणते आणि सतत चालणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून दाबून टाकते. पाऊस हा नेमका सतत चालणारा एकसुरी आवाज आहे. त्यामुळे साध्या व्हॉइस मेसेजवर पाऊस टिपला, तर सुरुवातीचे दोन-तीन सेकंद सर ऐकू येते आणि मग ती विरत जाते. बाहेर मुसळधार चालू असते आणि नोंदीत कोणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा ठळक राहतो. म्हणून ध्वनिमुद्रणाचे असे ॲप घ्या ज्यात गोंगाट दाबण्याची आणि आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद करता येते. तुम्ही ब्राउझरमधून नोंद घेणारे पान तयार करणार असाल, तर माइकची परवानगी मागतानाच प्रतिध्वनी काढणे, गोंगाट दाबणे आणि पातळी आपोआप बदलणे या तिन्ही गोष्टी नकोत असे सांगता येते. सगळेच फोन ते पाळतात असे नाही, म्हणून प्रत्येक फोनवर नळाखालची बादली भरतानाचा आवाज एक मिनिट टिपून पाहा. तो शेवटपर्यंत सारखा राहिला, तर तो फोन पावसासाठी चालेल. ध्वनिफीत व्हॉट्सॲपवरून पाठवायची असेल, तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छायाचित्रांनाही हाच नियम लावा, कारण फोटो म्हणून पाठवले की त्याचा आकार कमी होतो आणि त्यातली वेळेची मूळ नोंदही जाते.

वारा हा दुसरा शत्रू. पावसाआधीचा वारा माइकच्या छिद्रावर थेट आदळला, की नोंदीत फक्त घरघर उरते. फोनचे खालचे टोक लोकरीच्या जुन्या मोज्यात घातले तर बराच फरक पडतो. ढगांचा गडगडाट मात्र फोनवर नीट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याचा खर्ज फोनच्या माइकमध्ये पुरेसा उतरत नाही, आणि जवळची वीज कडाडली तर आवाज फाटतो.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली नोंद एका सहभागी ताईंनी पाठवली होती. त्यांनी अंगणात दोन विटांवर स्टीलची परात पालथी घातली, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्याखाली कोरड्या जागी ठेवला आणि वळवाची सर येण्याची वाट पाहिली. पहिले आठ-दहा थेंब वेगवेगळे मोजता येतात, प्रत्येकाचा स्वर निराळा, कारण परातीच्या मधोमध पडलेला थेंब आणि काठावर पडलेला थेंब सारखा वाजत नाही. मग थेंबांमधले अंतर कमी होत जाते आणि एका क्षणी मोजणे अशक्य होऊन सगळ्याची एक सलग झांज होते. मोजता येणारा पाऊस न मोजता येणारा होतो तो क्षण प्रत्येक नोंदीत शोधून सोळा गावांचे ते सोळा क्षण एकापुढे एक ठेवावेत, असे मला फार वाटते. परात प्रत्येक घरात असते, तिचा आवाज घरागणिक वेगळा असतो, आणि इथे तो वेगळेपणा आपल्याला हवाच आहे.

प्रकाशाचा सेन्सर आणि हालचालीचा सेन्सर यांच्याविषयी थोडक्यात सांगते. प्रकाशाचा सेन्सर पडद्याच्या वरच्या भागात असतो आणि लक्स या एककात आकडा देतो. भर उन्हात तो लाखापर्यंत जातो, दाट ढगांखाली काही हजारांवर येतो. पावसाआधी अंधारून येते ते यात सुंदर दिसते. पण आयफोनवर हा आकडा बाहेरच्या ॲपना मिळत नाही आणि बहुतेक ब्राउझरही तो देत नाहीत. त्यामुळे हे काम अँड्रॉइडवाल्यांपुरतेच राहील. हालचालीचा सेन्सर ब्राउझरमधून मिळतो. मात्र पान सुरक्षित जोडणीवर असावे लागते आणि २०१९ च्या आयओएस १३ पासून आयफोनवर वापरणाऱ्याने बटण दाबून परवानगी द्यावी लागते. ब्राउझर सेकंदाला साधारण साठच नोंदी देतो, म्हणून त्यातून थेंबाचा स्वर मिळणार नाही, फक्त ठोका मिळेल. कंपनातून कला उभी राहू शकते याबद्दल शंका नको: ध्वनिकलावंत बिल फोंटाना यांनी २००६ मध्ये लंडनच्या मिलेनियम पुलाची कंपने टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये ऐकवली होती. पण त्यांनी पुलावर खास सेन्सर बसवले होते. तुमच्या फोनसाठी हा सेन्सर मी दुय्यम ठेवीन.

ज्या सेन्सरकडे तुमचे लक्षच गेलेले नाही, तोच मला तुमच्या कामाचा कणा वाटतो. तो म्हणजे हवेच्या दाबाचा सेन्सर. २०१४ च्या आयफोन ६ पासून बहुतेक आयफोनांमध्ये आणि वरच्या किमतीच्या अनेक अँड्रॉइड फोनांमध्ये तो असतो; स्वस्त फोनांत बहुधा नसतो, म्हणून आधी प्रत्येकाने तपासावे. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने तयार केलेले फिफॉक्स हे मोफत ॲप फोनमध्ये कोणते सेन्सर आहेत आणि ते काय दाखवतात हे लगेच सांगते. दीर्घ नोंदीसाठी सेन्सर लॉगरसारखे पडद्यामागे चालत राहणारे ॲप लागेल, आणि फोनची बॅटरी वाचवण्याची सोय त्या ॲपपुरती बंद करावी लागेल, नाहीतर रात्रीतून फोनच ते बंद करून टाकतो.

दाबाच्या सेन्सरचे तीन गुण आहेत. पहिला असा, की त्याला पावसात भिजावे लागत नाही. घरातला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे फोन कपाटावर कोरडा राहूनही बाहेरचे आभाळ मोजतो. दुसरा असा, की तो कोणाचे बोलणे ऐकत नाही. तिसरा गुण माझ्या मूळ मुद्द्याला पुष्टी देणारा आहे: या सेन्सरला खरा दाब सांगण्यापेक्षा दाबातला बदल सांगणे जास्त चांगले जमते. बॉश कंपनीच्या बीएमपी २८० या दाब मोजणाऱ्या चिपचे माहितीपत्रक पाहिले, तर खऱ्या आकड्यात सुमारे एक हेक्टोपास्कलची (हे हवेच्या दाबाचे एकक) चूक गृहीत धरलेली आहे, पण दोन नोंदींमधल्या फरकात ती सुमारे ०.१२ एवढीच आहे. म्हणजे तो स्वतःशी तुलना करण्यासाठीच घडलेला आहे.

फोन एका जागी ठेवणे मात्र अपरिहार्य आहे. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. एक मजला चढलात तरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडतो आणि लिफ्टचा प्रवास नोंदीत वादळासारखा दिसतो. चिपळूणचा आकडा हजाराच्या आसपास असेल, पुण्याचा उंचीमुळे साडेनऊशेच्या थोडा खाली. प्रत्येक फोनच्या महिन्याभराच्या सरासरीपासून तो किती वर-खाली झाला एवढेच घेतले, की उंचीचा आणि चिपच्या चुकीचा प्रश्न एकदमच मिटतो. सरासरी वजा करा, पण चढउताराचा पट वाढवू-घटवू नका. सगळ्यांचे चढउतार ओढूनताणून सारखे केलेत, तर गावांमधला खरा फरकच पुसला जाईल.

आता यातून कला कशी निघते ते पाहा. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतार. सूर्यामुळे वातावरण तापते आणि त्यातून ही लाट उठते. तिचा चढउतार साधारण तीन हेक्टोपास्कलचा असतो आणि फोनला तो स्पष्ट दिसतो. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी हवेची ही भरती-ओहोटी आपल्या डोक्यावर रोज चालू असते आणि आपल्याला तिची गंधवार्ता नसते. दर मिनिटाला एक याप्रमाणे दाबाची नोंद घेतली, तर तीस दिवसांत ४३,२०० नोंदी होतात. संगीताच्या साध्या ध्वनिफितीत एका सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. म्हणजे एका फोनने महिनाभर टिपलेला दाब जशाच्या तसा ध्वनिफीत म्हणून वाजवला, तर तो एका सेकंदाहून किंचित कमी वेळात वाजून संपतो, आणि त्या सेकंदात हवेच्या साठ भरत्या साठ कंपने होऊन ऐकू येतात. कंपनसंख्या येते सेकंदाला सुमारे ६१. हा स्वर फार खर्जातला असल्याने फोनच्या स्पीकरवर उमटत नाही. म्हणून जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे १२२ दिवस घ्या आणि ते चौपट वेगाने वाजवा. अख्खा पावसाळा एका सेकंदात बसतो आणि स्वर येतो सुमारे २४५ कंपनांचा, म्हणजे हार्मोनियमवरच्या पांढरी एकच्या साधारण अर्धा स्वर खाली. चोवीस तासांत एकदाच होणारा दाबाचा चढउतारही त्यात असतोच. तो बरोबर एक सप्तक खाली ऐकू येतो. पहिल्यांदा हे कानावर पडले तेव्हा मी तो एक सेकंद किती वेळा पुन्हा पुन्हा वाजवला असेल, याची मोजदाद नाही.

वादळी सर येताना ढगाखालची थंड हवा खाली कोसळते आणि काही मिनिटांत दाब उडी मारून वर जातो. ध्वनीत त्याची बारीक टिचकी होते. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे क्षेत्र विदर्भाकडे सरकते तेव्हा नागपूरच्या फोनवर दाब दोन-चार दिवस उतरतो. हा चढउतार इतका संथ असतो, की चौपट वेगानेही कानाला स्वर म्हणून लागत नाही. त्याला मी आवाजाच्या जोराशी जोडीन, म्हणजे दाब उतरला की स्वर भरून येईल. हा निर्णय मात्र कलावंताचा आहे, निसर्गाचा नाही, आणि कलाकृतीशेजारी तो एका वाक्यात लिहून ठेवावा असे माझे आग्रहाचे मत आहे. कोणती गोष्ट हवेने केली आणि कोणती आपण केली, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

माहितीच्या आकाराचाही विचार करा. तीन मिनिटांचे, आकार कमी न केलेले ध्वनिमुद्रण साधारण सतरा एमबीचे होते; सोळा जणांनी दिवसातून दोनदा महिनाभर पाठवले, तर साडेसोळा जीबी होतात. दाबाच्या महिनाभराच्या नोंदी एका फोनामागे शंभर केबीतही बसतात. ज्याच्याकडे रेंज नाही त्यानेही आठवड्याच्या बाजाराला गेल्यावर त्या पाठवाव्यात. वीज गेल्यामुळे किंवा फोन बंद पडल्यामुळे नोंदीत खंड पडला, तर तो भरून काढू नका. आजूबाजूच्या आकड्यांवरून मधली रेघ ओढण्याचा मोह होतो. पण कोकणात जोराच्या पावसात अठरा तास वीज नव्हती, हीसुद्धा त्या पावसाचीच नोंद आहे आणि तेवढी शांतता कलाकृतीत तशीच राहिली पाहिजे. सगळ्या नोंदींच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवा आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदला, म्हणजे न्यू जर्सीशी गोंधळ होणार नाही. चार महिने चार्जरला लावून ठेवलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगत नाही ना, हे दर आठवड्याला पाहा, आणि विजा चमकत असताना चार्जर काढून ठेवा.

पावसाचे आगमन कोणत्या दिवशी झाले असे धरायचे, हे आधी ठरवा. यावरून तुमच्यात वाद होईल. वळवाची पहिली सर आणि मोसमी पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मृग लागला म्हणून पाऊस लागलाच असे नाही. भारतीय हवामान विभागसुद्धा केरळातले आगमन एका ठिकाणच्या सरीवरून जाहीर करत नाही. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस व्हावा लागतो, शिवाय वाऱ्यांच्या आणि ढगांच्या अटी असतात. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच तिथे पोहोचला होता. म्हणून तुमच्या नोंदी १० मेपासून सुरू असाव्यात. वळीव आणि मोसमी पाऊस दोन्ही ठेवा, आणि ‘आमच्याकडे लागला’ हे प्रत्येक सहभागीने स्वतः ठरवून त्या दिवशी एक वाक्य लिहावे. पावशा कधी ओरडू लागला, बेडूक कोणत्या रात्री बोलले, हे त्या वाक्यात आले तर उत्तमच.

मांडणीसाठी नकाशापेक्षा पाऊस गावोगावी पोहोचण्याचा क्रम मला जास्त योग्य वाटतो. लंडनच्या साउंडकॅम्प या गटाचा ‘रेव्हेय’ हा उपक्रम २०१४ पासून दर मे महिन्याच्या सुरुवातीला होतो. त्यात ठिकठिकाणचे थेट माइक एकामागून एक जोडले जातात आणि पहाट पृथ्वीभोवती फिरत जाते तसे श्रोते एका गावाच्या पक्ष्यांकडून पुढच्या गावाच्या पक्ष्यांकडे जातात. तिथे क्रम सूर्य ठरवतो. तुमच्याकडे तो पाऊस ठरवू शकेल: सत्तरी, सावंतवाडी, चिपळूण, मग घाट चढून सातारा आणि पुणे, आणि नागपूरला पाऊस पूर्वेकडूनही येऊ शकत असल्यामुळे तो या रांगेत कुठे बसेल हे आधी सांगताच येणार नाही.

खासगीपणाबाबत हलगर्जी नको. घरातल्या माइकमध्ये स्वयंपाकघरातली बोलणी येतातच. म्हणून प्रत्येकाने स्वतः ऐकून मगच नोंद पाठवावी आणि नंतर कधीही ती काढून घेण्याची मुभा असावी. ठिकाण दोन दशांश स्थळांपर्यंतच ठेवा, म्हणजे साधारण एक किलोमीटरपर्यंतच अंदाज येतो. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७ मध्ये लोकांच्या धावण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला होता; त्यात कोणाचेही नाव नव्हते, तरी त्यावरून लष्करी तळ ओळखता आले. हालचालीचे सेन्सरही वाटतात तितके निरुपद्रवी नसतात. फोनमधल्या जायरोस्कोपवरून बोलण्याचा काही अंश ओळखता येतो हे २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले, आणि अँड्रॉइड १२ पासून या सेन्सरांच्या नोंदींचा वेग खास परवानगीशिवाय सेकंदाला दोनशेच्या वर जाऊ दिला जात नाही.

थोडक्यात सांगायचे, तर जुन्या फोनवर दाबाची अखंड नोंद हा कणा, परातीखालची तीन मिनिटांची ध्वनिमुद्रणे ही त्यावरची वस्ती, आणि प्रकाश व हालचाल जमल्यास.

उरला न्यू जर्सीतल्या दोघांचा प्रश्न. त्यांना मी बिलकूल वेगळे काम देणार नाही. त्यांनीही दाबाचा फोन कपाटावर ठेवावा आणि दर मिनिटाला नोंद घ्यावी. त्या अक्षांशांवर हवेची भरती-ओहोटी जेमतेम एक हेक्टोपास्कलची असते, आणि हवामानाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रणाली मात्र दाब कितीतरी जास्त खाली-वर करतात. पट न बदलता त्यांचा तो एक सेकंद वाजवला, तर सत्तरीत आणि साताऱ्यात जो स्वर भरघोस लागतो तोच त्यांच्याकडे अगदी क्षीण लागेल. आधी त्यांचा सेकंद ऐकवा, मग सत्तरीचा, आणि दोन्हींच्या मध्ये काहीही घालू नका.